रडकी म्हणून गाजलेली चांगुणा

गावाचं नाव सांगत न्हाई. सांगितलं तर उद्या डॉक्टरची माणसं दारात येऊन बसतील आणि मलाच त्यांना चहा करावा लागंल. नांदेडला जायला दोन बशी आणि लातूरला जायला दीड, म्हणजे एक बस आणि पुढं जीप मिळाली तर मिळाली, एवढ्यावर ओळखून घ्या. मी कावेरी, गावची आशाताई. बाळंतपणाच्या बाया दवाखान्यात नेणं, लेकरांना डोस पाजणं आणि कुणाचंही काहीही दुखलं की शिव्या खाणं, हे माझं काम. पण सांगायचंय ते चांगुणाबद्दल. भीमाची बायको, भीमनगरात राहते, शिलाई मशीन चालवते. तिच्यासारखं ब्लाऊज अख्ख्या तालुक्यात कुणाला जमत न्हाई. माझं माप तिनं दरवर्षी न विचारता वाढवलंय, आणि एकदाही चुकलेली न्हाई, मेली.

तर चांगुणाच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. दिवसभर. मशीनवर बसली की वाहायचं, उन्हात गेली की वाहायचं, पंख्याखाली बसली तर लईच. तिशीच्या आतच सुरू झालं आणि थांबायचं नावच न्हाई. आता आमचं गाव असं की बाईच्या डोळ्यात पाणी दिसलं की गाव नवऱ्याकडं बघतं. भीमा बिचारा कुत्र्याला हाड म्हणतानासुद्धा आजूबाजूला बघणारा माणूस. त्याला पोलीस पाटलानं दोनदा बोलावून दम दिला. "बायकोवर हात टाकतोस व्हय रे?" भीमा शपथा घेऊन राहिला, आणि जितक्या शपथा घेतल्या तितका त्याच्यावरचा संशय पक्का झाला. त्याची सख्खी बहीण राखीला आली, तिनंसुद्धा राखी बांधायच्या आधी त्याला कोपऱ्यात घेऊन झापलं.

फायदाही झाला म्हणा. कुणाच्या मयताला गेली की चांगुणा येताक्षणी रडतीय असंच दिसायचं. घरच्या सुना अजून पदर सावरतायत तवर हिच्या गालावर धार. म्हाताऱ्या म्हणायच्या, "बघा गं, परकी असून किती माया!" आणि मग घरच्या सुनांना आठ दिवस बोलणी. काही सुना तर चांगुणाला निरोपच द्यायच्या न्हाईत, मयत उरकल्यावर कळवायच्या.

औषधं कमी केली न्हाईत. कुणी मध घाल म्हणालं, तो घातला, ती अंगणात नाचली. कुणी एरंडेल सांगितलं. मेडिकलवाल्यानं एक बाटली दिली, "पाणी थांबतंय बघा याच्यानं." आठ दिवस थांबल्यासारखं वाटलं, मग दुप्पट. आणि ती म्हणायची काय, "अक्का, डोळ्यात वाळू टाकल्यावानी होतंय. जळतंय. सुईत दोरा ओवायला बसले की सुया दोन दिसतात." मी म्हणायचे, चष्मा लागला असंल. मी सर्वज्ञ ना! आशाताईला बारा दिवसांचं ट्रेनिंग दिलं की तिला सगळं कळायला लागतं.

शेवटी त्या दुष्काळाच्या साली, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या थोडं आधी माघात, मी तिला नांदेडला घेऊन गेले. डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, बारीकशा, हळू बोलणाऱ्या. त्यांनी चांगुणाच्या खालच्या पापणीत कागदाची चिंधोटी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बस म्हणाल्या. मग चिंधोटी काढून उजेडात धरली. टोक तेवढं ओलं झालं होतं.

"यांचे डोळे कोरडे आहेत," बाई म्हणाल्या.

मला हसूच आलं. "बाई, हिच्या डोळ्याखाली तांब्या धरला तर भरंल. आमच्या गावात ओलं असं फक्त हिचे डोळेच राहिलेत."

बाई रागावल्या न्हाईत. त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यावर सतत एक पातळ थर लागतो, त्यात पाणी असतं आणि वर तेलाचा पापुद्रा असतो, पाणी उडून जाऊ नये म्हणून. तो थर नसला की डोळा उघडा पडतो, चरचरतो, आणि मग घाबरून भडाभडा पाणी सोडतो. पण ते पाणी नुसतं वाहून जातं, डोळ्याच्या कामाचं न्हाई. भूक लागलेल्या माणसाच्या पोटात गुरगुर होते, पण त्या आवाजानं पोट भरत न्हाई, तसं. हे शेवटचं माझं, बाईंचं न्हाई.

मग बाईंनी वय विचारलं. छत्तीस. पाळी विचारली.

"गेली. पिशवी काढलीय," चांगुणा म्हणाली.

"कधी?"

"सत्तावीस वर्षांची असताना."

बाईंनी कागद मागितले. चांगुणानं थैलीतून जुना कागद काढला. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "नुसतं गर्भाशय नाही, दोन्ही बाजूची अंडाशयंही काढलीत. सत्ताविसाव्या वर्षी. का?" त्या माझ्याकडं बघून विचारत होत्या. मी पंख्याकडं बघितलं. पंखा बंद होता.

बाई म्हणाल्या, बाईच्या अंगात जे हार्मोन तयार होतात त्यांचं काम फक्त पाळी आणि पोरं एवढंच नसतं. हाडं, कातडी, झोप, आणि पापण्यांतल्या ते तेल सोडणाऱ्या ग्रंथीसुद्धा त्यांच्यावर चालतात. पन्नाशीला ते हळूहळू कमी होतात तरी कित्येक बायांचे डोळे कोरडे पडतात. हिचे तर एका दिवसात बंद केले. चांगुणा ऐकत होती आणि तिच्या गालावरून धार चालली होती, आणि त्या वेळेला मला कळंना की ते कुठलं पाणी.

का काढली ते आता सांगते, कारण मीच तिला नेलं होतं. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. आमच्या तालुक्याच्या गावी व्यंकटराव डॉक्टर, मोठा दवाखाना, मशीन-बिशीन सगळं. त्यांनी पोटावर मशीन फिरवलं, पडद्याकडं बघून तोंड वाईट केलं आणि म्हणाले, "सूज आहे. आज ना उद्या कॅन्सर. काढून टाका, झंझट नको." आपल्याकडं समजच अशी की पिशवी म्हणजे पोरं ठेवायची कणगी. दोन पोरं झाली, कणगी रिकामी, मग कशाला जपायची? मीच चांगुणाला म्हणाले, "काढून टाक, महिन्याची कटकट मिटंल." आमच्या गावातल्या कितीतरी बायांची अशी कटकट मी मिटवली. डॉक्टर दर दिवाळीला मला साडी पाठवायचे. त्या साड्यांवरची ब्लाऊजं चांगुणानं शिवली.

असो. नांदेडच्या बाईंनी थेंबांची बाटली दिली, दिवसातून सहा वेळा घालायचे. झोपताना मलम. सकाळी कोमट पाण्यात फडकं भिजवून पापण्या शेकायच्या. धुळीत चष्मा. आणि बजावून सांगितलं, "हे आयुष्यभर. थांबवायचं नाही. उघडा पडलेला डोळा चिरतो, आणि चिरलेल्या डोळ्यात घाण गेली की फूल पडतं."

महिन्याभरात धार थांबली. चांगुणा पहिल्यांदा लख्ख डोळ्यांनी गावात फिरली आणि गावानं लगेच निकाल दिला, "भीमा सुधारला." पोलीस पाटलानं मिशीवरून हात फिरवला, आपल्याच दमाचा गुण म्हणून. भीमानं मला हात जोडून सांगितलं, "ताई, आता काय बोलूच नका. सुधारलो म्हणतेत, तर सुधारलो."

तिला कामंही लई आली होती. बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती. भीमनगरातल्या सगळ्या बायांना पांढऱ्या साडीवर नवी पांढरी ब्लाऊजं पाहिजे होती, शेजारच्या दोन गावांची कामंही हिच्याकडंच. पांढऱ्या कपड्यावर पांढरा दोरा, ज्याला दिसतं त्यालाच जमतं. ती मला म्हणाली, "अक्का, नऊ वर्षांत पहिल्यांदा टाका दिसून राहिलाय." तिच्या तोंडावरचा आनंद बघून मला माझीच लाज वाटली, आणि मी लाज वाटली की जे करते तेच केलं, तिला चहा मागितला.

आणि तेवढ्यात आले व्यंकटराव डॉक्टर.

डॉक्टर आता नुसते डॉक्टर राहिले नव्हते. स्वतंत्र जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष झाले होते. आमच्या तालुक्याचा वेगळा जिल्हा करायचा, ही त्यांची मागणी. विहिरी आटल्या? जिल्हा नाही म्हणून. बोअर कोरडं गेलं? जिल्हा नाही म्हणून. जसा काही नवा कलेक्टर आपल्या गाडीच्या डिकीत पाऊस घालून आणणार, आणि ढगांना आजवर आमचा पत्ता सापडत नव्हता तो आता पाटीवर वाचता येणार! पण भाषण करावं तर डॉक्टरांनी. माणसं टाळ्या वाजवायची. मीही वाजवल्यात.

दिल्लीहून दुष्काळाची पाहणी करायला पथक येणार होतं. आमच्या गावात दहा मिनिटं थांबणार, आणि त्या दहा मिनिटांत दुष्काळ दाखवायचा आणि जिल्हा मागायचा. डॉक्टरांनी ओळीनं सगळं ठरवलं होतं. आटलेल्या विहिरीपाशी जागा. बरगड्या दिसणाऱ्या गाई चार, त्या शेजारच्या वाडीवरून आणायच्या, कारण आमच्या गाई त्यांच्या मानानं जाड. रिकाम्या घागरी. आणि मधोमध एक रडणारी बाई.

ते थेट चांगुणाच्या दारात आले. तिच्याकडं बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "हे काय? तुझ्या डोळ्यांचं काय झालं?"

"बरे झाले, साहेब."

"बरे झाले?" असं म्हणाले की जणू तिनं समितीच्या विरोधात सही केली. मग त्यांनी थेंबांची बाटली हातात घेतली, वाचली, खाली ठेवली. "फक्त चार दिवस बंद ठेव. पथक येऊन गेलं की परत सुरू. तुझ्यासाठी नाही, गावासाठी सांगतोय. आणि भीमनगरला वेगळा टँकर, माझा शब्द."

तिथंच गोम होती. गावाचा टँकर चावडीजवळच्या विहिरीत रिकामा व्हायचा. भीमनगरातल्या बाया तिथं पोचेतवर विहिरीत चिखल आणि वर दहा जणींची कुरकुर. चांगुणाची पोरगी बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत दोन घागरींसाठी अर्धा अर्धा दिवस रांगेत उभी राहिली होती. चांगुणानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "डॉक्टर, नांदेडच्या बाईंनी सांगितलंय, थांबवायचं न्हाई."

"ताई, मीही डॉक्टरच आहे ना?" ते हसून म्हणाले.

शिव्या द्यायला माझी जीभ दोन हात लांब, पण पांढरा शर्ट समोर आला की ती टाळूला चिकटते. चांगुणा म्हणाली, "चार दिवस जळू दे डोळे. पाणी तरी येईल दारात."

पथक चार दिवसांनी आलं न्हाई. आज येतंय, उद्या येतंय, साहेबांचं विमान चुकलं, असं करत करत नववा दिवस उजाडला. चांगुणाचा डावा डोळा लालबुंद. पाचव्याच दिवशी मी तिला म्हणाले होते, घाल थेंब, मरू दे टँकर. ती म्हणाली, "एवढं सोसलं, आता उद्यासाठी कशाला वाया घालवू?" आणि त्याच डोळ्यांनी पांढरी ब्लाऊजं शिवत होती, मशीनवरची धूळ, कपड्याचे तंतू, आणि सारखा पदरानं डोळा पुसणं.

मग सात गाड्या आल्या. विहिरीपाशी एवढी धूळ उडाली की गाईसुद्धा शिंकल्या. साहेब उतरले, मागून पाण्याच्या बाटल्यांचा खोका उतरला. फोटोवाले पुढं. चांगुणा मधोमध उभी, डोळ्यांतून धारा, आणि खरंच सांगते, तशी धार आम्ही नऊ वर्षांत बघितली नव्हती. डॉक्टर समाधानानं बाजूला उभे. मी बायांच्या घोळक्यात शेवटी.

चष्मेवाल्या साहेबांनी तिला विचारलं, "अम्मा, कब से रो रही हो?" छत्तीस वर्षांची अम्मा!

डॉक्टर लगेच पुढं झाले, "कह रही है, सर, बच्चे प्यासे हैं..."

अहो, आमच्या भागात हिंदी न येणारा माणूस शोधून सापडायचा न्हाई. निजामानं बाकी काही दिलं नसंल, एवढं दिलंय. चांगुणानं हातानं डॉक्टरला थांबवलं. "साब, मैं रोतीच नै. मेरे आँख में पानीच नै, उसके वास्ते पानी गिरता. इन्होंने मेरी पिशवी निकाली, सत्ताईस की थी मैं. तब से आँखां सूखे. नौ दिन से दवा भी इन्होंनेच बंद करवाई, तुमको दिखाने के वास्ते. पानी नै है गाँव में, वो सच है. वो देखने को मेरे आँखां कायको लगते? कुवें में झाँको ना."

साहेबांना 'पिशवी' कळली नसावी, पण तिनं पोटावर हात ठेवला होता, ते कळलं. त्यांनी बायांकडं बघून विचारलं, "सिर्फ़ इनका? या और भी?"

पहिला हात सरजाबाईचा वर गेला. मग गुरम्माचा. मग एकेक करत, म्हाताऱ्यांचे न्हाईत, तरण्या बायांचे. शिवकांता तर तेव्हा तिशीचीही नव्हती. विहिरीच्या काठावर नुसते हात. त्यातला जवळजवळ प्रत्येक हात मी धरून बसमध्ये चढवला होता.

आणि इथं मला डॉक्टरची खरी हुशारी दिसली. बायांचे हात वर, कॅमेरे चालू, आणि हा माणूस गळ्याच्या शिरा फुगवून ओरडला, "स्वतंत्र जिल्हा..." मागून गडीमाणसं सवयीनं ओरडली, "झालाच पाहिजे!" तीन वेळा. साहेबांनी घड्याळ बघितलं, बरोबरच्या माणसाला म्हणाले, "ये अपने फ़ॉर्म में नहीं आता," आणि गाडीत बसले. दहा मिनिटं पूर्ण झाली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली छापलेलं: 'स्वतंत्र जिल्ह्यासाठी महिलांनी हात उंचावून दिला एकमुखी पाठिंबा.'

त्याच दिवशी मी चांगुणाला नांदेडला नेलं. बाईंनी डावा डोळा तपासला आणि खुर्चीत मागं टेकल्या. बुबुळावर जखम झाली होती, त्यात पू. नऊ दिवसांचं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं थांबवायला?" चांगुणा म्हणाली, "डॉक्टरांनी." महिनाभर आम्ही ये-जा केली. डोळा वाचला, नजर वाचली न्हाई. बुबुळावर पांढरं फूल पडलं. त्या डोळ्यानं तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. जयंतीची उरलेली ब्लाऊजं तालुक्याच्या शिंप्याकडं गेली आणि सगळ्या बाया घट्ट काखांनी मिरवणुकीत चालल्या.

टँकर आला का? आला की. खोटं कशाला बोलू? अठरा दिवस आला, त्यावर डॉक्टरांचा हात जोडलेला फोटो. मग बिघडला. जिल्हा अजून झालेला न्हाई, मागणी जोरात हाय.

मला मात्र डॉक्टरांचा फोन आला. आवाज दुखावलेला. "कावेरीताई, फोटोत म्हाताऱ्या सोडून सगळ्यांचे हात वर आणि एकटा तुमचाच खाली. तुमचा विरोध आहे का जिल्ह्याला?" मी म्हणाले, खांदा दुखत होता.

तो पेपर मी चांगुणाला दाखवणार नव्हते. पण तिच्या पोरीनं आणून ठेवला होता. मी गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती, चांगल्या डोळ्याजवळ पेपर धरून. एकेका हातावर बोट ठेवून नावं घेत होती. सरजाबाई. गुरम्मा. शिवकांता. शेवटी बोट माझ्यावर आलं आणि थांबलं.

"अक्का, तुझी हाय व्हय अजून?"

"हाय."

"तुला कधी काही झालंच न्हाई?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. खांदा दुखतो म्हणणारं तोंड ते. पण तिचा तो पांढरा डोळा माझ्याकडं होता. मग खरं ते सांगितलं.

"झालं होतं. तुझ्या आधी चार महिने. तेच, पांढरं जायचं, कंबर दुखायची. डॉक्टरांनी मशीन फिरवलं, सूज हाय म्हणाले. मग म्हणाले, ताई, तुम्ही आपल्या दवाखान्याच्या माणूस, तुम्हाला कशाला कापायचं? गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत बरी झाले."

चांगुणानं पेपर मांडीवर ठेवला.

"आणि मग तू मला घेऊन गेलीस," ती म्हणाली.

मी म्हणाले, "व्हय."